खांद्यात अडलेला ब्लाउज

मी समुपदेशक आहे. चवथ आटोपली की तुळशीच्या लग्नापर्यंत माझ्याकडे एक तक्रार हमखास येते. सांगणाऱ्या वेगवेगळ्या असतात. कधी फोंड्याची वेटलिफ्टर, कधी म्हापशाची फुटबॉल खेळणारी कॉलेजकन्या, कधी पोलीस भरतीसाठी पहाटे मैदान गाठणारी पेडण्याची मुलगी, कधी आयर्नमॅनच्या तयारीसाठी मिरामारला धावणारी चाळिशीची बँक अधिकारी. बोलणं मात्र तेच. "मॅडम, माझ्या मापाचं काही मिळतच नाही. कुर्ता कमरेत ढगळ आणि दंडात घट्ट. पँट मांडीवरून वर चढत नाही, चढली तर कमरेत हात जातो." मग जरा थांबून, आवाज खाली आणून खरी गोष्ट येते. "मी बाईसारखी दिसतच नाही हो."

२०२३ मध्ये ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्यांत खेळणाऱ्या मुली वाढल्या आहेत आणि ही तक्रारही वाढली आहे. म्हणून सविस्तर लिहिते आहे. खालची गोष्ट एकीची नाही. तिघी-चौघींचं बोलणं एकत्र केलं आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. तिला आपण रेवा म्हणू.

रेवा सव्वीस वर्षांची. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि शाळेआधी कांपालच्या तरणतलावात पोहते. प्रकार बटरफ्लाय. भावाचं लग्न ठरलेलं, आईने हौसेने पैठणी घेतलेली, आणि त्यावरचा ब्लाउज दोन टेलरांकडे फिरून आला तरी अंगात बसेना. दुसऱ्या टेलरने तर गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "बाय, एवढे खांदे असले तर ब्लाउज तरी कसा बसायचा?" त्या दिवसापासून तिने बटरफ्लायचा सराव बंद केला आणि रात्रीचं जेवणही सोडलं.

हे ऐकल्यावर मी कपड्यांचा विषय बाजूला ठेवला. "पाळी वेळेवर येते?"

"दोन महिने आली नाही. पण खेळणाऱ्यांना होतंच ना तसं?"

नाही, तसं होऊ नये. हा गैरसमज मैदानावर इतका मुरला आहे की प्रशिक्षकही तो सहज बोलून जातात. मेहनत तेवढीच आणि पोटात अन्न कमी, असं सुरू झालं की शरीर काटकसर करतं, आणि पाळी हा त्या काटकसरीत सगळ्यात आधी कापल्या जाणाऱ्या खर्चांपैकी एक असतो. पुढे हाडं ठिसूळ होतात, दुखापती वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्येच या अवस्थेला वेगळं नाव देऊन सगळ्या खेळांना सावध केलं आहे. मी रेवाला आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवलं आणि रात्रीचं जेवण पुन्हा सुरू होईल असा शब्द घेतला. आणखी एक साधी गोष्ट सांगितली. खांद्याची रुंदी मुळात गळपट्टीच्या हाडावर ठरते. उपाशी राहून दंड सुकतील, तोंड उतरेल, पण ते हाड तेवढंच राहील.

यानंतरच्या भेटींत ती एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारत राहिली. "मॅडम, खरं सांगा, मी वाईट दिसते का?" मी उत्तर दिलं नाही. कठोरपणा म्हणून नव्हे. "अगं, तू किती छान दिसतेस" हे तिला मैत्रिणींनी, भावाने, होणाऱ्या वहिनीनेही सांगून झालं होतं. त्याचा असर संध्याकाळपर्यंत टिकायचा, सकाळी आरशापुढे पुन्हा परीक्षा सुरू. मी पास असं म्हटलं की परीक्षा घेण्याचा दुसऱ्याचा हक्क मान्यच केल्यासारखं होतं. घरच्यांनी हे लक्षात घ्यावं. कौतुक जरूर करा, पण या प्रश्नावर ते औषध म्हणून वापरू नका.

मग एका भेटीला मी तिला तो ब्लाउज घेऊन यायला सांगितलं. जांभळा, हिरव्या काठाचा. तिने तो टेबलावर असा ठेवला की जणू तिच्याविरुद्धचा पुरावाच. मी विषयच बदलला.

"स्पर्धेचा पोहण्याचा सूट घालायला किती वेळ लागतो गं?"

ती खुलली. "वीस मिनिटं तरी. नवा असला तर जास्तच. आधी मांड्यांवरून इंच इंच वर घ्यायचा, मग मैत्रीण मागून ओढते तेव्हा कुठे पट्टे खांद्यावर येतात."

"वळ उठतात?"

"उठतात की. दोन दिवस राहतात."

"तेव्हा स्वतःला काय म्हणतेस?"

"काय म्हणणार? सूट घट्टच असतो. फारच अडला तर साइझ बदलून आणते."

"आणि हा ब्लाउज अडला तेव्हा?"

ती बोलायला गेली आणि थांबली. ब्लाउजची बाही हातात घेऊन उसवलेली शिवण बोटाने चाचपत राहिली. मी घाई केली नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प बसणं हे मोठं काम असतं आणि ते मला बऱ्यापैकी जमतं, हे समाधानाने सांगते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मॅडम, तिथे सगळ्यांचेच खांदे असे असतात. लग्नात माझ्या एकटीचेच असतात."

सगळी गाठ या वाक्यात होती. तोच खांदा, तोच दंड, घट्टपणा तर सुटात कितीतरी जास्त. तरी एका ठिकाणी दोष कापडाचा आणि दुसऱ्या ठिकाणी दोष तिचा. म्हणजे रडू घट्टपणाने आणलेलं नव्हतं. घट्टपणा आणि रडू यांच्यामध्ये एक वाक्य उभं होतं. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विचाराने काम करते. १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडायला सुरुवात केलेली ही गोष्ट मला आजही माझ्या खोलीत रोज खरी ठरताना दिसते: घटना आपल्याला थेट दुखवत नाही, घटनेबद्दल आपण स्वतःशी जे ठासून बोलतो ते दुखवतं.

रेवाचं ते वाक्य आम्ही शोधून कागदावर लिहिलं. ‘लग्नातल्या प्रत्येक बाईला मी नाजूक वाटलेच पाहिजे, नाहीतर मी बाई म्हणून कमी.’

"हा नियम कोणी केला?"

"असाच असतो ना."

"कांपालला का नाही मग? तिथे बायका नसतात?"

ती हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

‘छान दिसावं’ ही इच्छा आहे आणि ती प्रत्येकीला असावी. रेवाला ती सोडायला मी कधीच सांगितलं नाही. पैठणी नेसून मिरवावंसं वाटणं यात कमीपणा काय? त्रास सुरू होतो तो इच्छेचा हुकूम झाला की. सगळ्यांना आवडलंच पाहिजे, आणि एकीने जरी नाक मुरडलं तरी माझी किंमत शून्य. त्या कागदावर आम्ही खाडाखोड करत करत दुसरं वाक्य लिहिलं: ‘माझे खांदे काहींना आवडणार नाहीत. मला ते बोचेल. पण त्याने मी कमी होत नाही आणि बटरफ्लाय सोडायचं कारणही मिळत नाही.’ हे वाक्य मी सांगितलेलं नाही, तिचं आहे. उसनी वाक्यं लग्नमंडपात टिकत नाहीत.

एका भेटीला तिची आई आली. आईला बोलावल्याशिवाय अशी प्रकरणं अर्धीच सुटतात, हा माझा अनुभव. "खांदे मुलग्यासारखे झालेत, आता पोहणं कमी कर" हे घरात तीच म्हणायची.

"मॅडम, मी काय तिची वैरीण आहे? तिची पदकं मीच पुसून ठेवते. पण स्थळं येतात, फोटो बघतात आणि मग कळवतच नाहीत."

"तुमची आई काय काम करायची?"

"कुळागरात. शिपणं, सुपाऱ्या वेचणं, माडाची चुडतं ओढून आणणं. दिवसभर."

"दंड कसे होते त्यांचे?"

आईने लेकीकडे पाहिलं. "हिच्यासारखेच होते."

"आणि ब्लाउज?"

"कसला ब्लाउज! चोळ्या. आपल्या अंगाच्या आपणच शिवायची."

आजीला कधी माप चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण कापड तिच्या अंगावरून बेतलं जायचं. तयार कपड्यांत हे उलटं होतं. कंपनी एक नमुना-शरीर धरते आणि त्यावरून लहानमोठे साइझ काढते. छाती अमुक वाढली की दंड आणि कंबर तमुक वाढणार असं गृहीत धरलेलं असतं. पोहणारीची पाठ वाढते, कंबर वाढत नाही, आणि हिशेब तिथे फसतो. बायकांच्या प्रमाणित मापांचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. जवळजवळ १५ हजार स्त्रिया मोजल्या गेल्या, अहवाल १९४१ मध्ये आला, आणि त्यात गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापं धरलीच नव्हती. भारतीय शरीरांची मापं घ्यायला निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने देशातल्या सहा शहरांत २५ हजारांवर माणसं मोजण्याचा प्रकल्प हाती घेतला तो अलीकडे. हे मी दोघींना सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे दुकानातलं माप हे दुसऱ्याच कोणाचं असतं." अगदी तसंच.

मनाचं काम मनाने करावं आणि कापडाचं काम कात्रीने. नुसतं "स्वतःवर प्रेम कर" म्हणून न बसणारा ब्लाउज बसत नाही. त्यामुळे मी रेवाला तिसऱ्या टेलरकडे पाठवलं, पण मापाची तयारी करून. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी आम्हालाच शहाणं केलं.

आधीच्या दोघांनी दंडात घट्ट होतं म्हणून मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खाली उतरवला होता. तिथेच चूक. मुंढा खोल गेला की हात उचलल्यावर सगळा ब्लाउज वर ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळच ठेवून बाहीचा घेर वाढवायचा, आणि पाठीची रुंदी एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत वेगळी घ्यायची. माप घेताना नुसतं ताठ उभं राहू नका. हात पुढे घ्या, दंड आवळा, दोन्ही वेळचं माप लिहायला सांगा. व्यायामानंतर लगेच मापाला जाऊ नका, तेव्हा स्नायू फुगलेले असतात. शिवणीत भरपूर माया, म्हणजे आतलं जादा कापड, ठेवायला सांगा, कारण सरावाच्या दिवसांत अंग बदलतं. प्रिन्सेस कटमध्ये, म्हणजे लांब उभ्या शिवणींच्या ब्लाउजमध्ये, रुंद पाठ आणि बारीक कंबर दोन्ही सांभाळता येतात. बिनबाहीचा आवडत असेल तर शिवा, नसेल तर नको. दंड दाखवणं हे काही धैर्याचं प्रमाणपत्र नाही आणि झाकणं हा पराभव नाही.

तयार कपडे घेताना शरीराचा जो भाग सर्वांत मोठा त्याच्या मापाने घ्या आणि बाकीचं आत घ्यायला द्या. पँट मांडीच्या मापाची घेऊन कंबर मागून कमी करून मिळते, कुर्ता खांद्याच्या मापाचा घेऊन बाजूच्या शिवणी मारता येतात. हा खर्च कपड्याच्या किमतीतच धरा. लेबलवर एक्सएल लिहिलेलं खुपत असेल तर लेबल कापून टाका. आणि ‘बारीक झाले की घालीन’ म्हणून कपाटात ठेवलेले कपडे देऊन टाका. रोज कपाट उघडताना ते तुम्हाला टोचत असतात.

एवढ्याने भागत नाही अशाही मुली येतात. जेवण चुकवणं, खाऊन ओकणं, तासन्‌तास आरशासमोर उभं राहणं, कार्यक्रम टाळणं, सलग तीन महिने पाळी न येणं, जगणं नको वाटणं, यातलं काही असेल तर कपड्यांची चर्चा थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आणि प्रशिक्षकांनो, वजनाची चेष्टा पूलच्या काठावर सगळ्यांदेखत करू नका. तुम्ही ती संध्याकाळपर्यंत विसरता, मुलगी ती घरी जेवणाच्या ताटापर्यंत नेते.

लग्न झालं. ब्लाउज कोपरापर्यंतच्या बाहीचा होता आणि रेवा त्यात हात वर करून नाचली. मंडपात एक मावशी बोललीच, "खांदे बघ गे हिचे!" रेवाला बोचलं. पूर्वी अशा बोलण्यावर ती दोन दिवस खोलीबाहेर येत नसे, या वेळी पंगत वाढायला उभी राहिली तोवर निवळली होती. पाळी नियमित झाली आहे, बटरफ्लायही सुरू आहे. ती अजून येते, पण ब्लाउजचा विषय निघत नाही. लग्न करायचं का, केलं तर पहाटे पाचला पोहायला जाणारी सून चालेल असं घर आधीच कसं ओळखायचं, आणि पहिल्याच भेटीत हे विचारायचं का, यावर आमचं बोलणं चालू आहे. विचारावं, असं माझं मत आहे. आईचंही आता तेच आहे.