निळ्या-लाल पूररेषेमधली सार्वजनिक इमारत : निविदेआधी काय विचारावे

आपण विचारले आहे की, मुठेकाठी आपल्या प्रभागात सार्वजनिक निधीतून दवाखाना बांधण्याचे घाटत आहे, जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या मध्ये येते, परवानगी नियमात बसते, तर मग नागरिकांनी हरकत घेण्यासारखे काही उरते का. माझ्या मते उरते, आणि ते निविदा निघण्याआधीच मांडायला हवे. कारण ठेकेदाराला कार्यादेश मिळाल्यावर जोत्याची उंची वाढवायची तर वाढीव खर्चाला पुन्हा मंजुरी लागते आणि ती सहसा कोणी मागत नाही.

निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी फसगत होते. शंभर वर्षांच्या पुराची शक्यता दरवर्षी १ टक्का असते, म्हणजे ५० वर्षे वापरात राहणाऱ्या इमारतीला तो निदान एकदा गाठण्याची शक्यता जवळपास ४० टक्के भरते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे दोन रेषांमधले बांधकाम लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, वर असावे लागते. ही किमान अट आहे. दवाखान्याला ती पुरेशी मानू नये. अमेरिकेत २०१५ साली केंद्राच्या पैशातून होणाऱ्या बांधकामांसाठी जे पूरमानक आले, त्यातल्या एका पर्यायात शंभर वर्षांच्या पुराच्या पातळीवर साध्या इमारतीला २ फूट आणि रुग्णालयासारख्या इमारतीला ३ फूट उंची सांगितली होती. तो आदेश २०१७ साली मागे घेतला गेला, तरी पुरातही चालू राहायलाच हवी अशी इमारत आणि साधे सभागृह यांना एकच माप लावू नये, हा विचार मला पूर्ण पटतो.

जोते उंच असले म्हणजे काम झाले, असेही नाही. माझ्या नोकरीतल्या एका शाळेत पूर ओसरण्यापूर्वी मी पोहोचलो तेव्हा उंबरा कोरडा होता, दाराला कुलूप होते, आणि आत स्वच्छतागृहाच्या फरशीतल्या जाळीतून काळे पाणी बुडबुडत वर्गांमध्ये पसरत होते. बाहेरची ड्रेनेज वाहिनी तुंबली होती आणि पाणी उलटे येऊ न देणारी झडप काटकसर म्हणून अंदाजपत्रकातून वगळली होती. मीटरची खोली आणि पंप तळघरात असल्यामुळे वीज येण्यास पुढे कितीतरी दिवस लागले. त्या झडपेसाठी मी तेव्हा लेखी आग्रह धरला नाही, याची मला आजही खंत आहे.

पुण्यात ओढ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने जो हाहाकार केला, तो कात्रजकडच्या मुसळधार पावसाचा होता, धरणाच्या विसर्गाचा नव्हे. उलट २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शहरातला पाऊस आणि खडकवासल्याचा विसर्ग एकत्र आले. नदी फुगलेली असताना ओढ्याचे पाणी तिच्यात शिरत नाही, मागे सरकते, आणि नकाशावर नदीपासून लांब दिसणारी जागाही त्यात सापडते. म्हणून मातीचा भराव टाकून जागा उंच करण्यापेक्षा इमारत खांबांवर उचलून खाली पाण्याला वाट मोकळी ठेवावी, असे मी सुचवीन. भरावामुळे आपला दवाखाना वाचेल, पण तेच पाणी शेजारच्या वस्तीत जाईल.

आपण माहिती अधिकारात मंजूर नकाशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत मागावी. लाल रेषेची, जोत्याची, वीजपेटीची आणि पोहोच रस्त्याची पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर धरली आहे, हे चार आकडे त्यात शोधावेत. रस्त्याचा आकडा लाल रेषेच्या खाली असेल, तर रुग्णवाहिका कोणत्या बाजूने येणार हे लेखी विचारावे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, तेव्हा अर्ज याच आठवड्यात करावा.