समुद्राजवळच्या डोंगरांतला बर्फ लवकर बसतो म्हणतात. मग व्हँकुव्हरकडे फेब्रुवारीत फिरायला हिमस्खलनाची भीती कमी का?

लवकर बसतो, हे खरं. हवा ओलसर, थंडी बेताची, बर्फ जड. थर एकमेकांना पटकन धरतात. आतल्या बाजूला, रॉकी पर्वतांकडे, तळाशी सुटे दाणे होतात आणि आठवडेच्या आठवडे दगा देतात. पण 'लवकर' म्हणजे वादळानंतर एक-दोन दिवसांनी. तेवढ्यात किनाऱ्याकडचा डोंगर भलताच वाईट. त्यात पाऊस पडला तर विचारूच नका.

नोकरीनिमित्त मी तिथं होतो, बेळगावचाच एक वर्गमित्रही होता. फेब्रुवारीतच हायवे ९९ ने पेंबर्टनच्या पुढे डफी लेककडे गेलो. रात्रभर बर्फ पडलेला, सकाळी हवा उबदार आणि वर भुरभुर पाऊस. चढाला लागलो तर झाडांखालून बर्फाचे बारके गोळे आपोआप सुटत होते आणि घरंगळता घरंगळता मोठे होत होते. मूठभर बर्फ दाबला, तर हातमोज्यातून पाणी गळलं. मी म्हटलं, परत फिरायचं. तो म्हणतो, "कणकुंबीचा गडी तू, चोर्ल्याच्या पावसात गाडी हाणतोस, आणि या रिमझिमीला भितोस?"

अरे, कणकुंबीचा म्हणूनच की! जुलैत घाटात दरड येते ती पाणी मुरल्यावरच. ताज्या बर्फावर पाऊस म्हणजे तेच, वजन वाढतं आणि पकड सुटते.

फिरलो. तो उतार त्या दिवशी कोसळला नाही. झालं! टिळकवाडीत कुणाच्याही लग्नात भेटला की चारचौघांत मला भित्रा ठरवतो. कोसळला नाही म्हणजे कोसळणारच नव्हता, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात? शाळा तर आमची एकच. बर्फात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांवरचा बर्फ त्यांनी स्वतः नाहीतर सोबतच्यानेच सोडवलेला असतो, हे त्याला कोण सांगणार.

तुमचं म्हणाल तर अॅव्हलांच कॅनडा या हिमस्खलनाचे इशारे देणाऱ्या संस्थेचा रोजचा अंदाज बघा. धोक्याच्या पाच पायऱ्यांतली तिसरी 'कन्सिडरेबल', म्हणजे बराच धोका, असते, तिला मध्यम समजून निघू नका. ३० ते ४५ अंशांचे उतार टाळा, त्यांच्या पायथ्याशी डबाही खायला बसू नका.

हां, एक राहिलं. किनाऱ्याकडेही निरभ्र, थंड दिवस गेले की बर्फावर हवेतल्या बाष्पाचा सुटा बर्फाळ थर धरतो आणि पुढच्या बर्फाखाली गाडला जातो. मग वरचं एक-दोन दिवसांचं गणित लागू नाही. हिमालयाचं मला विचारू नका, तिकडे गेलेलो नाही.

बीकन (गाडलेल्याचा माग देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडलेल्याला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, जड बर्फात त्याहून कमी. एकाकडेच फावडं असेल आणि तोच गाडला गेला, तर फावडंही आतच.