कंत्राटी आयटी कामासाठी परदेशी निघालेल्या फोंड्याच्या तरुणास

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मामांनी माझ्याकडे पाठवले. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन तुम्ही नऊ वर्षे डेटाबेस आणि डेटा इंजिनिअरिंगचे काम करत आहात, आजोबांच्या कागदपत्रांवरून लिस्बनला नोंदणी झाली आहे आणि पोर्तुगीज पासपोर्ट लवकरच हाती येणार आहे. तो आला की गणेश चवथीनंतर राजीनामा द्यायचा, इंग्लंडला यायचे आणि दिवसाला 450 ते 500 पौंडांची कंत्राटी कामे धरायची, असा तुमचा बेत आहे. मी डिचोलीचा. 2015 साली त्याच पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला आलो, पहिले पाच महिने गोदामात रात्रपाळी केली, नंतर कायम नोकरी धरली आणि 2018 पासून कंत्राटी काम करतो. म्हणून जे तुम्हाला आवडणार नाही तेच आधी लिहितो: राजीनामा देऊ नका.

पहिले कारण पासपोर्टचे आहे. मी आलो तेव्हा पोर्तुगीज पासपोर्ट दाखवला की इथे काम करण्याचा हक्क आपोआप मिळत असे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे 31 डिसेंबर 2020 रोजी तो मार्ग बंद झाला. त्या तारखेपूर्वी जे इथे राहत होते त्यांना वेगळी योजना लागू झाली. आज कामासाठी नव्याने येणाऱ्या पोर्तुगीज नागरिकाला भारतीय नागरिकाप्रमाणेच व्हिसा लागतो. आपल्याकडे अजून पुष्कळांना वाटते की तो पासपोर्ट म्हणजे लंडनचे तिकीट, कारण ज्यांच्या घरचे लोक पूर्वी आले त्यांचा अनुभव तसाच होता.

व्हिसा मिळाला तरी कंत्राटी काम त्यावर होत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसा विशिष्ट मालकाला, विशिष्ट पदाला बांधलेला असतो. जुलै 2025 पासून त्यासाठी वर्षाला साधारण 41,700 पौंड पगाराची अट आहे, आणि मालकाला तुम्हाला दुसऱ्या कंपनीकडे मजूर म्हणून पुरवता येत नाही. कंत्राटी कामे मिळवून देणाऱ्या एजंटचा पहिला फोन येतो तो दहा मिनिटांचा असतो आणि त्यात तो कामाचा हक्क, दर, उपलब्धतेची तारीख आणि राहण्याचे ठिकाण एवढेच विचारतो. पहिल्याच प्रश्नाला अडखळणाऱ्याचे नाव पुढे जात नाही, मग त्याचे काम कितीही चांगले असो. मागणी तेजीत असताना कंपन्या थांबायला तयार असत. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर 2021 च्या डिसेंबरपूर्वी 0.1 टक्का होता, तो ऑगस्ट 2023 पर्यंत 5.25 टक्के झाला. कर्जाचा पैसा महाग झाल्यावर कंपन्यांनी सर्वांत आधी नवे प्रकल्प आणि कंत्राटी माणसे कमी केली. तेव्हापासून एका जागेसाठी इथेच राहणारे, सोमवारी कामावर हजर होऊ शकणारे इतके लोक रांगेत असतात की दूरवरच्या माणसासाठी थांबण्याची कोणाला गरज पडत नाही.

आता दराविषयी. 450 पौंड ऐकून तुम्ही त्याला शंभराहून अधिक रुपयांनी गुणले असेल. मीही गुणले होते. इथे आयआर35 नावाचा करनियम 2000 सालापासून आहे. तुम्ही प्रत्यक्षात नोकरासारखे काम करता की स्वतंत्र व्यावसायिकासारखे, हे त्यावरून ठरते, आणि एप्रिल 2021 पासून मध्यम व मोठ्या खासगी कंपन्यांच्या बाबतीत तो निर्णय काम देणारी कंपनी घेते. धोका नको म्हणून पुष्कळ कंपन्या सरसकट ‘इनसाइड’, म्हणजे नोकरासारखे काम, असे ठरवतात, आणि मग बहुधा तुम्हाला अंब्रेला कंपनीमार्फत, म्हणजे कागदोपत्री तुमची मालक होऊन कर कापून पगार देणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत, पगार घ्यावा लागतो. मग 450 पौंडांतून अंब्रेलाचे शुल्क जाते आणि मालकाने भरायचा राष्ट्रीय विम्याचा 15 टक्के हिस्साही त्याच दरातून जातो. आठवड्याला 20 पौंड शुल्क धरून हिशेब केला तर दिवसाचे सुमारे 390 पौंड तुमचा ढोबळ पगार म्हणून उरतात. त्यावर तुमचा आयकर आणि तुमचा स्वतःचा विमा वेगळा. सुट्टीचे पैसेही त्यातच आलेले असतात, त्यामुळे चवथीला तीन आठवडे घरी आलात तर त्या आठवड्यांची कमाई शून्य. आणि दोन कंत्राटांमध्ये जी रिकामी जागा पडते तिचा हिशेब कोणत्याही जाहिरातीत नसतो. 2023 मध्ये माझे काम एका आठवड्याच्या सूचनेवर थांबले आणि पुढचे मिळायला पाच महिने लागले. सहा महिन्यांचे भाडे आणि डिचोलीच्या घराचा हप्ता बाजूला ठेवला होता, म्हणून तेवढा काळ मान खाली न घालता शोध घेता आला.

त्या पाच महिन्यांत मी मुलाखत देणे पुन्हा शिकलो, आणि तुमच्या प्रश्नाचा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका मुलाखतीत एका जुन्या डेटाबेसमधून नव्यात माहिती हलवण्याच्या कामाविषयी विचारले. मी दहा मिनिटे बोललो: आम्ही आराखडा केला, आम्ही चाचण्या घेतल्या, आमच्या गटाने रात्री स्थलांतर केले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारले, “यातला तुम्ही लिहिलेला भाग कोणता?” दोन्हीकडच्या नोंदी पडताळणारा सगळा प्रोग्राम मी एकट्याने लिहिला होता, तरी त्या क्षणी मला नीट सांगता आले नाही. आपल्याकडे चारचौघांत ‘मी केले’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते, आणि ते संस्कार वाईट नाहीत. पण कंत्राटी माणूस एका ठरावीक अडचणीसाठी घेतला जातो. ती अडचण त्याच्या हातून सुटेल का, एवढेच त्यांना तासाभरात कळायला हवे असते. दोन दिवसांनी एजंटने एका ओळीत कळवले की उमेदवाराने स्वतः काम केले असे वाटले नाही.

पुढच्या मुलाखतीत तोच प्रसंग मी असा सांगितला: 42 तक्ते होते, प्रत्येकाच्या ओळी आणि रकमांची बेरीज मी दोन्ही बाजूंनी जुळवली, तीन तक्ते जुळेनात. शोधल्यावर दिसले की घोळ ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारचा आहे. त्या रात्री इथली घड्याळे दोनची एक वाजवतात, त्यामुळे एक ते दोनमधल्या नोंदींना दोनदा तीच वेळ लागली होती आणि नव्या प्रणालीने त्यांना दुबार समजून टाकून दिले होते. मी वेळा जागतिक प्रमाणवेळेत बदलून घेतल्या आणि तेवढा भाग पुन्हा चालवला. चार वाक्ये झाली. समोरचा माणूस पुढे झुकून विचारू लागला, आणि मग ती मुलाखत न राहता दोन कारागिरांचे बोलणे झाले. ते काम मला मिळाले.

तुम्ही तुमच्या नऊ वर्षांतले असे पाच प्रसंग कागदावर उतरवा. काय बिघडले, तुम्ही काय पाहिले, कोणता निर्णय घेतला आणि कोणता आकडा बदलला, एवढेच. एखादा प्रसंग तुमच्या चुकीचा असू द्या. ‘तुमच्यामुळे काय कोसळले’ हा प्रश्न हमखास येतो आणि ‘काहीच नाही’ या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नाही. सीव्ही दोन पानांचा पुरे. त्यात जन्मतारीख, वडिलांचे नाव, फोटो नको.

एजंटांबाबत एक सावधगिरी. कोणत्या कंपनीकडे तुमचे नाव पाठवत आहेत हे कळल्याशिवाय लेखी संमती देऊ नका, कारण दोन एजंटांकडून एकाच जागी नाव गेले तर पुष्कळदा दोन्ही अर्ज बाजूला पडतात. ‘सध्या कुठे मुलाखती चालू आहेत, तिथला व्यवस्थापक कोण’ असे कोणी गोडीत विचारले तर सांगू नका. मी एकदा सांगितले, आणि त्याच जागेसाठी त्या एजंटने दुसऱ्या दिवशी स्वतःचे उमेदवार पाठवले.

मग तुम्ही काय करावे? पासपोर्ट हाती आला तर त्याचा खरा उपयोग आयर्लंड किंवा युरोपीय संघाच्या इतर देशांत आहे. डब्लिनमध्ये काम इंग्रजीत चालते, तुम्हाला व्हिसा लागणार नाही, आणि पत्नी भारतीय पासपोर्टवर असली तरी तुम्ही तिथे काम करत असाल तर कुटुंबीय म्हणून तिला राहण्याचा आणि नोकरीचा हक्क मिळतो. त्याचा अर्ज मात्र वेगळा करावा लागतो. नेदरलँड्समध्येही कंत्राटी काम पुष्कळ आहे, पण 1 जानेवारी 2025 पासून तिथल्या करखात्याने खोट्या स्वयंरोजगारावर, म्हणजे नोकरासारखे काम करून स्वतंत्र व्यावसायिक म्हणवण्यावर, पुन्हा कारवाई सुरू केल्यामुळे कंपन्या बिचकून आहेत. माझे मत असे की डब्लिनमध्ये आधी कायम नोकरी शोधावी, ती फोंड्यात बसून, आत्ताची नोकरी हाती ठेवून. दीड-दोन वर्षांत तिथले संदर्भ आणि ओळखी जमल्या की कंत्राटाचा विचार करावा. घरभाडे तिथे फार आहे, म्हणून पहिले काही महिने एकट्याने जाणे बरे. आणि पोर्तुगीज नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते, तेव्हा भारतीय पासपोर्ट जमा करणे आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतात राहण्याची मुभा देणारे कार्ड, काढणे ही कामे निघण्यापूर्वी उरका. त्याशिवाय आत्ताची नोकरीही तशीच चालू ठेवता येणार नाही.

ते पाच प्रसंग लिहून झाले की मामांकडे द्या, ते मला पाठवतील. रविवारी तुमच्याकडे संध्याकाळचे सात वाजले की मी मोकळा असतो. तासभर फोनवर मी प्रश्न विचारीन, तुम्ही इंग्रजीत उत्तरे द्या, आणि जिथे ‘आम्ही’ येईल तिथे मी थांबवीन.