बाजार उठायच्या आत पोहोचा

(वाचकांचे प्रवासप्रश्न. उत्तरं देतात भुसावळचे एक निवृत्त रेल्वे गार्ड, ज्यांचा मुलगा-सून जर्मनीत एर्लांगेनला असतात.)

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही दोघंही शिक्षक. यंदा नाताळात सात जण जर्मनीला जायचं म्हणतोय. आम्ही दोघं, मुलगी १२ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा, सासूबाई ६८ वर्षांच्या, शिवाय नणंद आणि नंदोई. पुतण्या न्युरेंबर्गला नोकरीला आहे, त्याच्याकडेच उतरू. मुलांच्या सुटीप्रमाणे २४ डिसेंबरच्या रात्री निघून ३ जानेवारीला परत यायचं. न्युरेंबर्गचा नाताळ बाजार, बर्लिन, कोलोन, डोंगरातला तो राजवाडा आणि बर्फ एवढं बघायचंय. सासूबाई माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही. त्यांना थंडी झेपेल का? सोबत खायला काय न्यावं?
– एक शिक्षिका, चोपडा

उत्तर : ताई, बाकी सगळं मागाहून, आधी तारीख बदला. न्युरेंबर्गचा बाजार २४ डिसेंबरला दुपारीच उठतो. तुम्ही २५ ला पोहोचाल तेव्हा हाउप्टमार्क्ट चौकात लाकडी दुकानांच्या फळ्या उतरवायचं काम चाललेलं असेल. आपल्याकडे नाताळ म्हटलं की २५ तारीख डोळ्यांपुढे येते, पण जर्मनीत रस्त्यावरची धामधूम असते ती आधीचे चार आठवडे. २४ च्या दुपारी दुकानं बंद झाली की माणसं घरात जातात, ती दोन दिवस बाहेर दिसत नाहीत. २५ आणि २६ दोन्ही सरकारी सुट्या. यंदा २०२६ मध्ये २५ ला शुक्रवार, २६ ला शनिवार आणि २७ ला रविवार आहे. रविवारी तिथं एरवीही दुकानं उघडत नाहीत. म्हणजे तुमचे पहिले तीन दिवस सलग कुलूप! दूध-ब्रेडसुद्धा मिळेल ते मोठ्या स्टेशनातल्या दुकानांतच.

बाजार यंदा २७ नोव्हेंबरच्या शुक्रवारी उघडेल. पहिल्या संध्याकाळी फ्राउएनकिर्श या चर्चच्या सज्जातून सोनेरी केसांची, मुकुट घातलेली मुलगी बाजार उघडल्याचं जाहीर करते. दर दोन वर्षांनी गावातलीच एक मुलगी त्या मानासाठी निवडतात. ती गर्दी सासूबाईंच्या कामाची नाही. मी तुमच्या जागी असतो तर ११ डिसेंबरच्या आसपास निघून २० च्या आत परतलो असतो, आणि बाजारात जायला सोमवार ते गुरुवारातली संध्याकाळ धरली असती. शनिवारी त्या चौकात आपल्या यात्रेइतकी रेटारेटी असते. मुलांची आठवडाभर शाळा बुडेल, कदाचित मुलीचं स्नेहसंमेलनही बुडेल. रजेसाठी मुख्याध्यापकांना कसं पटवायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. जिल्हा परिषदेच्या शाळेत असाल तर परदेशी जाण्याची परवानगी लागते, तो कागद आत्ताच टेबलावरून पुढे सरकवायला लागा.

तारीख हलतच नसेल तर बाजाराचा नाद सोडून बेत आखा. पुतण्याला २३ तारखेलाच फ्रिज भरून ठेवायला सांगा. बर्लिनमधले काही बाजार ३१ डिसेंबरपर्यंत चालतात, तेव्हा २८ नंतर दोन दिवस बर्लिन. न्युरेंबर्गहून जलद गाडीने सुमारे तीन तास. कोलोन मात्र यादीतून काढाच. तिथलं कॅथेड्रल भव्य आहे यात शंका नाही. १२४८ ला पाया घातला आणि पूर्ण झालं १८८० ला. पण ते पडलं पार दुसऱ्या टोकाला, आणि तुमच्याकडे दिवस किती? दिवस म्हणजे उजेड म्हणतोय मी. डिसेंबरात न्युरेंबर्गला सकाळी आठला उजाडतं आणि सव्वाचारला सूर्य मावळतो. सात जणांची आंघोळ, चहा, स्वेटर, मोजे होईपर्यंत साडेदहा वाजतात, हे मी सुनेच्या घरी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून उघड्यावरचं फिरणं चारच्या आत आणि बाजार अंधार पडल्यावर. दिवे लागल्यावरच तो शोभतो.

राजवाडा म्हणजे नॉयश्वानस्टाइन. बव्हेरियाच्या (न्युरेंबर्ग ज्यात येतं तो जर्मनीचा दक्षिणेकडचा प्रांत) दुसऱ्या लुडविग राजाने १८६९ ला बांधायला घेतलेला. २४, २५, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी हे चार दिवस तो बंद असतो, यातले तीन तुमच्या बेतात येतात! तिकीट आधीच ऑनलाइन काढा, त्यावर आत शिरायची वेळ दिलेली असते. खालच्या गावातून वर चढायला अर्धा ते पाऊण तास लागतो. बर्फ पडलं की वर जाणारी बस बंद होते. घोडागाडी चालली तरी ती वरपर्यंत नेत नाही, पुढे चढ चालावाच लागतो, आणि आत जिनेच जिने. ज्या पुलावरून सगळे फोटो काढतात तो मारिएनब्र्युकही बर्फात बंद ठेवतात. माझं मत विचाराल तर सासूबाईंना खालच्या गावात खिडकीशी बसवून गरम काहीतरी पाजा. राजवाडा खालूनही झकास दिसतो.

बर्फाचं म्हणाल तर न्युरेंबर्गला ते पडेलच असं नाही. डिसेंबरात तिथं बऱ्याचदा नुसती भुरभुर आणि चिखल. खात्रीचं बर्फ हवं तर झुगश्पित्झ, जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर, २९६२ मीटर. आपल्या तोरणमाळच्या अडीचपट. गार्मिश-पार्टेनकिर्शेनहून दात्यांच्या रुळांची गाडी बोगद्यातून वर नेते, सव्वा तास लागतो. मी अख्खा जन्म रुळांवर काढला, पण त्या गाडीत लहान पोरासारखा काचेला नाक लावून बसलो होतो. सासूबाईंना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर एवढ्या उंचीवर न्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

थंडी झेपेल का? झेपेल. आपल्याकडे जानेवारीत पारा आठ-नऊवर आला की घरातही हुडहुडी भरते, कारण भिंती गार आणि फरशी त्याहून गार. तिथं बाहेर शून्याच्या आगेमागे असलं तरी घरात, गाडीत, दुकानात वीसच्या आसपास ऊब असते. त्रास होतो तो घालण्या-काढण्याचा. एकच जाडजूड स्वेटर घातला तर दुकानात घाम फुटतो आणि बाहेर तोच घाम गार पडतो. म्हणून आत थर्मल, वर पातळ लोकरीचं आणि सगळ्यावर वारा न शिरणारं जाकीट. सासूबाईंनी लुगडं सोडायचं कारण नाही, आत थर्मलची विजार आणि लोकरी मोजे चढवले की भागतं. पैसे खर्चायचे ते बुटांवर. पाणी न शिरणारे, जाड आणि खाचा असलेल्या तळाचे बूट घ्या. आमच्या सौ. एर्लांगेनच्या फलाटावर उतरल्या उतरल्या “भलती थंडी शे” म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवशी घरातला हीटर कमी करा म्हणून सुनेच्या मागे लागल्या.

आता खाणं. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपाबाहेरून सामानात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाही, खवा नाही, सासूबाईंच्या हातचं साजूक तूपही नाही. कस्टमने पकडलं तर डबा जातोच, दंडही होऊ शकतो. ताज्या भाज्यांना आणि फळांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, तेव्हा भरताची वांगी घरीच ठेवा. यातून सूट फक्त पाच फळांना आहे : अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि... केळी! जळगाव जिल्ह्याचं नशीब बघा. पुतण्यासाठी एक फणी न्यायला कायद्याची आडकाठी नाही.

बिबडे, पापड, कळण्याचं पीठ, शेवभाजीचा मसाला, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या. पिशवीवर आत काय आहे ते इंग्रजीत लिहून चिकटवा. लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नाही. विमान दुबईमार्गे असेल तर मसाल्यात खसखस नको, अमिरातीत तिला बंदी आहे. मोठं वांगं तिथं तुर्की दुकानात मिळतं. फक्त शेगडीवर भाजू नका. तिथं राहत्या घरांत धुराचा अलार्म सक्तीचा आहे आणि भरताच्या धुराला तो सोडत नाही. वांगं ओव्हनमध्ये भाजा, चव थोडी कमी लागते, पण शेजारी खाली उतरत नाहीत.

बाजारात सासूबाईंना साखरेत घोळून भाजलेले बदाम निर्धास्त द्या, गरम कागदी पुडा हातात धरला की बोटंही शेकतात. न्युरेंबर्गचे लेबकुखन प्रसिद्ध आहेत. त्यातल्या एलिझन प्रकारात निदान चौथाई बदाम-अक्रोडासारखा माल असावा लागतो, पण त्यात सहसा अंडंही असतं. बटाट्याच्या थालीपिठासारखे राइबेकुखन मिळतात, त्यातही बहुतेकदा अंडं घालतात. दरवेळी विचारून घ्या. मुलांना वाफाळता पंच मागताना ‘किंडरपुंश’ म्हणा, तो बिनदारूचा. नुसतं बोट दाखवाल तर ग्ल्यूवाइन, म्हणजे गरम मसालेदार वाइन, हातात येईल.

व्हिसाचं थोडक्यात. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. मुलगी बाराची, म्हणून तिची पूर्ण फी आणि बोटांचे ठसेही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. सासूबाईंचे जुने आजार त्यात धरलेत का, ते बारीक अक्षरात वाचा. औषधं हातातल्या बॅगेत, इंग्रजी चिठ्ठीसकट.

मुंबईला जाताना मात्र माझं ऐका. डिसेंबरात उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या धुक्यामुळे तासन्‌तास लेट असतात. जळगावहून नागपूर-गोंदियाकडून सुटणारी गाडी पकडा आणि विमानाच्या आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचा.

प्रश्न : जर्मनीतल्या गाड्या सेकंदावर धावतात असं ऐकलंय. गाडी बदलायला दहा मिनिटं पुरतात का?
– एक निवृत्त सहकारी, भुसावळ

उत्तर : भाऊ, ते जुनं झालं. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्केच वेळेवर पोहोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते ‘वेळेवर’च धरतात. आपल्या रेल्वेच्या कंट्रोल रूमला हे वाचून बरं वाटेल. बदलायला अर्धा तास ठेवा. बव्हेरियात फिरायला ‘बायर्न तिकीट’ घ्या. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर, फक्त स्थानिक गाड्यांतून. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर चालतं, शनिवार-रविवार आणि सुटीच्या दिवशी मध्यरात्रीपासून. त्यावर न्युरेंबर्ग-म्युनिक पावणेदोन तासांत होतं.

आणि न्युरेंबर्गचं रेल्वे संग्रहालय चुकवू नका, सोमवार सोडून. जर्मनीतली पहिली वाफेची प्रवासी गाडी ७ डिसेंबर १८३५ ला न्युरेंबर्ग ते फ्युर्थ धावली. म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या अठरा वर्षं आधी. ‘आडलर’ नावाचं इंजिन इंग्लंडहून स्टीफन्सनच्या कारखान्यातून आणलेलं, आणि ते चालवणारा ड्रायव्हरही इंग्रजच, विल्यम विल्सन.

प्रश्न : आम्ही चार मित्र ३१ डिसेंबरला बर्लिनला असू. गाडी भाड्याने घ्यावी का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : नको. त्या रात्री रस्त्यावर फटाके इतके उडतात की चालणाराही जपून चालतो. बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि आपल्या लायसनसोबत आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवानाही लागेल. चौघांत एकाला दारू न पिता बसावं लागेल. तो कोण, हे धुळ्यातच ठरवून निघणार असाल तर गोष्ट वेगळी. मेट्रोने फिरा.