विकासोचे सभासदत्व : ‘पुढे बघू’ हा निर्णय नव्हे

प्रश्न : आमचे गाव रावेर तालुक्यात आहे. यजमान गेल्यानंतर केळीची जमीन माझ्या नावावर झाली. ते गावच्या विकासोचे, म्हणजे पीक कर्ज देणाऱ्या विविध कार्यकारी सहकारी सोसायटीचे, सभासद होते. आता संस्थेचे सचिव (गटसचिव) माझा अर्ज हातात घेत नाहीत आणि चेअरमन ‘निवडणूक होऊ द्या, पुढे बघू’ म्हणतात. मृगबागेसाठी (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या केळी लागवडीसाठी) पीक कर्ज हवे आहे. काय करावे? — एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, सभासद करून घेणे ही पदाधिकाऱ्यांची मेहेरबानी नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि येऊ घातलेली निवडणूक हे असे कारण मुळीच नाही.

यजमानांचा भाग (शेअर) कलम ३० नुसार त्यांनी नेमलेल्या वारसाकडे, आणि नेमणूक नसेल तर संस्थेच्या व्यवस्थापन समितीला जो वारस वाटेल त्याच्याकडे वर्ग होतो. मात्र त्या वारसाला रीतसर सभासद करून घेतलेले असावे लागते, म्हणून आपला लेखी अर्ज कोणत्याही परिस्थितीत हवाच. सोबत सात-बारा, आठ-अ, मृत्यू दाखला आणि वारस नोंदीचा फेरफार जोडावा. यजमानांचे कर्ज थकीत असल्यास समिती तो विषय काढेलच, तेव्हा त्यांच्या भागाचा आणि कर्जाचा खातेउताराही लेखी मागून ठेवावा.

खरी मेख आहे ती पोच मिळवण्यात. संस्थेला अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत तिने काहीच निर्णय कळवला नाही, तर कलम २२ नुसार अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नकार द्यायचा असल्यास तो कारणांसह कळवावा लागतो. परंतु अर्ज मिळाल्याची तारीखच कागदावर नसेल, तर हे तीन महिने मोजायचे कोठून? गावोगावी अर्ज ‘हातात न घेण्याची’ जी रीत पडली आहे तिचे मर्म येथेच आहे, आणि एकट्या बाईला दारातून परत पाठवण्यासाठी ती वापरली जावी, हे सहकाराला लाजिरवाणे आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख मागावी. ती न मिळाल्यास अर्ज स्पीड पोस्टाने, नोंदणी आणि पोचपावतीसह पाठवावा.

तरीही अर्ज किंवा भागाची रक्कम नाकारली, तर अर्ज आणि रक्कम ही दोन्ही सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे, म्हणजे व्यवहारात तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात, द्यावीत. ते कार्यालय ती तीस दिवसांत संस्थेकडे पाठवते आणि संस्थेने त्यानंतर साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तरी आपण सभासद ठरता. कारण देऊन नकार आला, तर तो कळल्यापासून दोन महिन्यांच्या आत निबंधकांकडे अपील करता येते.

नाममात्र सभासद करून घेण्याची तयारी कोणी दाखवली, तर ती स्वीकारू नये, कारण त्या सभासदाला मताचा अधिकार नसतो.

मृगबागेची लागवड जून-जुलैत होते. सभासदत्वाचे तीन महिने आणि त्यापुढे कर्जमंजुरीला लागणारा वेळ धरला, तर अर्जाची पोच फेब्रुवारीतच आपल्या हाती असायला हवी.