माळ्यावरचे अकरा खोके

“मॅडम, चव्वेचाळीस वर्षांचा माणूस रात्री एक वाजेपर्यंत खेळण्यातले सैनिक रंगवतो. हे व्यसनच ना?”

घोडबंदर रोडवरून आलेल्या ताईंचा हा प्रश्न. घरात कुणी एखाद्या छंदात बुडालं की असाच प्रश्न घेऊन माणसं माझ्याकडे सल्ल्याला येतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

पुढच्या वेळी नवरा-बायको दोघं आले. त्यांनी सोबत एक डबा आणला होता. त्यात अंगठ्याएवढे, २८ मिलिमीटर मापाचे सैनिक. जालना जिल्ह्यातल्या असईची २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई ताईंचे यजमान टेबलावर उभी करतायत. एकीकडे इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज, दुसरीकडे शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफखाना. आधी रंग धरून राहावा म्हणून प्रायमरचा थर, मग मूळ रंग, मग कपड्यांच्या चुण्यांत उतरणारा पातळ गडद वॉश, शेवटी जवळपास कोरड्या ब्रशने उठाव. चोवीस सैनिकांना महिना जातो. त्यांचं आजोळ भोकरदनकडचं. “केळणा नदीत डुंबायचो आम्ही, पण इथे लढाई झाली हे कुणी सांगितलंच नाही,” असं म्हणताना त्यांचा आवाज बदलला. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडताना ज्याने तहानभूक विसरली असेल, त्याला हे सांगावं लागणार नाही.

“आणि माळ्यावरचे अकरा खोके?” ताईंनी विचारलं.

ते गप्प झाले. नव्या सैनिकांची पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर मागवून गुपचूप माळ्यावर गेली होती. सील न फोडलेली.

दुखणं इथे होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात २०२२ पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, पण तो डिजिटल आणि व्हिडिओ गेमपुरता. त्यातले निकष मात्र मी कुठल्याही छंदाला लावून बघते: ताबा सुटलाय का, बाकी आयुष्य मागे पडलंय का, नुकसान दिसत असूनही चालूच आहे का. नोकरी नीट, लेकीच्या शाळेत हजेरी, झोप थोडी कमी. रंगवण्यात मला आजार दिसला नाही, उलट दिवसभराच्या कटकटीनंतर त्यांचा हात तिथे स्थिर होत होता. खरेदी वेगळी. ऑर्डर दिल्याच्या क्षणाचा आनंद, मग लपवाछपवी, मग अपराधीपणा. ताईंनाही खर्चापेक्षा लपवणंच जास्त लागलं होतं, आणि ते लागणं अगदी रास्त होतं.

मी छंद सोडायला सांगितलं नाही. खर्च घरच्या हिशेबाच्या वहीत उघड लिहायचा, हातातला खोका रंगवून होईपर्यंत नवा नाही, आठवड्यात दोनच रात्री जागरण. ही तिसरी अट त्यांना सर्वांत जड गेली. दोनदा मोडली, पण दोन्ही वेळा स्वतःहून सांगितली.

सहा महिन्यांनी माळ्यावर आठ खोके उरले होते. ताईंना सैनिकांत अजूनही रस नाही, आणि तो असायलाच हवा असा माझा आग्रहही नाही. स्प्रेचा वास मात्र त्यांना सहन होत नाही, म्हणून यजमान प्रायमर आता गच्चीवर मारतात. पावसाळी दमट हवेत तो खरखरीत बसतो, तेव्हा ब्रशने लावायचा, असं त्यांनी मला निघता निघता सांगितलं.