रेल्वेचं महागडं तिकीट न काढता पेरूमधल्या माचू पिचूला, म्हणजे इंकांच्या प्राचीन नगरीला, कसं जाता येईल?

कुस्को शहरातून हिद्रोएलेक्ट्रिकाला (जलविद्युत केंद्राजवळचं रेल्वे स्थानक) जाणारी व्हॅन पकडा. सहा-सात तास लागतात. रस्ता ओयांतायतांबोवरून ४,३०० मीटरवरच्या आब्रा मालागा खिंडीत चढतो आणि मग सांता तेरेसाकडे उतरतो. घाटात वळणं इतकी, की पोट हलकं ठेवलेलंच बरं.

पुढे रुळांच्या कडेने साधारण १० किलोमीटर चाल, जवळपास सपाट, थेट माचू पिचूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावापर्यंत. शेजारून उरुबांबा नदी खळाळत असते, दोन्ही बाजूंना गर्द झाडी. हा टप्पा तर मला रेल्वेपेक्षा सरस वाटतो! शिट्टी ऐकू आली की लगेच बाजूला व्हा, बोगद्यात शिरू नका. अंधाराआधी पोहोचा.

जानेवारी-फेब्रुवारीत दरडी कोसळतात, तेव्हा हा मार्ग टाळाच. प्रवेशाचं तिकीट मात्र आधीच काढा, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा.